सही कोणाची चालते?

सातबारा उतारा हातात घेतला की खातेदारांच्या नावांत कधी कधी 'अ.पा.क.' अशी अक्षरे दिसतात. बहुधा वडील वारलेले असतात, वारसनोंद झालेली असते आणि मुलीचे नाव असे चढलेले असते : अमुक, अज्ञान, अ.पा.क. आई तमुक. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. (आई असेल तर खरे म्हणजे पालनकर्ती, पण तलाठी दप्तराला एवढी उसंत नसते.) या मुलीला दहावीला पंचाण्णव टक्के मिळालेले असोत, घरातल्या सगळ्यांचे ऑनलाइन अर्ज तीच भरत असो आणि आजीला विम्याची पॉलिसी वाचून समजावून सांगत असो, कागदावर ती 'अज्ञान'च. अठराव्या वाढदिवसाचा दिवस उजाडला की ती 'सज्ञान'. मधल्या एका रात्रीत तिच्या डोक्यात काहीही फरक पडलेला नसतो.

कायद्यातले दुबळेपण हे असे असते. ते अंगातल्या ताकदीचे किंवा डोक्यातल्या हुशारीचे माप नाही. कायद्याला एकच विचारायचे असते : या माणसाची सही चालते की नाही? आपल्या बोलण्यातले लुळा, पांगळा, खुळा, नेभळट हे शब्द मात्र शरीराचे आणि स्वभावाचे असतात. ही दोन दप्तरे एकमेकांत मिसळली की घोळ सुरू होतो. गेल्या शंभर वर्षांत दुबळेपणाचे शब्द बदलण्याच्या ज्या मोहिमा झाल्या, त्यांतल्या बऱ्याचशा या घोळाला हात न लावताच पार पडल्या, असे माझे मत आहे.

'अज्ञान' या शब्दाची एक गंमत आधी सांगून टाकतो. कायद्याचे अज्ञान ही सबब होऊ शकत नाही, हे वाक्य कोर्टाच्या आवारात चहावालाही ऐकवतो. पण जो स्वतःच 'अज्ञान' आहे, त्याला मात्र कायदा जवळजवळ सगळ्या करारांतून सोडवतो. वर्तमानपत्रांनी आता 'अल्पवयीन' हा शब्द घेतला आहे आणि तो जास्त स्वच्छ आहे, कारण त्यात फक्त वय आहे. दस्त लिहिणारे आणि वकील मात्र अजून 'अज्ञान'वरच आहेत.

अठराची रेघ १८७५ च्या सज्ञानतेच्या कायद्याने ओढली. त्याआधी आपल्याकडे सोळा हे वय मानले जाई. नारदस्मृतीत आठ वर्षांपर्यंतचे मूल गर्भातल्या जिवासारखे धरले आहे आणि सोळापर्यंतचे 'बाल' किंवा 'पोगंड'. शाळेच्या मानसशास्त्राच्या पुस्तकात येणारी पौगंडावस्था ती हीच. मनुस्मृतीतही अशा मुलाची वारशाची मालमत्ता तो शिकून परत येईपर्यंत किंवा जाणता होईपर्यंत राजाने सांभाळावी, असे सांगितले आहे. म्हणजे अ.पा.क. ही कल्पना इंग्रजांनी आणलेली नाही. त्यांनी आणली ती पक्की रेघ. तिलाही एक वळसा होताच : मुलाचा पालक कोर्टाने नेमलेला असेल, तर सज्ञान होण्याचे वय अठराऐवजी एकवीस धरले जाई. हा वळसा १९९९ मध्ये काढून टाकला.

या रेघेची धार किती आहे, हे कोलकात्याच्या एका खटल्याने ठरवले. २० जुलै १८९५ रोजी धर्मोदास घोष नावाच्या मुलाने ब्रह्मो दत्त या सावकाराकडे घर गहाण टाकले. खत वीस हजार रुपयांचे, व्याज बारा टक्के. मुलगा अज्ञान आहे, असे पत्र त्याच्या आईच्या वकिलाने सावकाराचे काम पाहणाऱ्या वकिलाला आधीच धाडले होते. तरीही खत झाले. पुढे दोनेक महिन्यांत आईने मुलाच्या वतीने दावा लावला, की हे गहाणखत रद्द करा. सावकाराच्या पश्चात प्रकरण मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या नावाने लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. १९०३ मध्ये निकाल लागला तो सावकाराच्या विरुद्ध. अज्ञान व्यक्तीचा करार 'रद्द करता येण्याजोगा' नव्हे, तर मुळातच शून्य आहे, असे कौन्सिलने म्हटले. पैसे परत मिळावेत ही मागणीही फेटाळली गेली. गेली सव्वाशे वर्षे कायद्याच्या पहिल्या वर्षाचा प्रत्येक विद्यार्थी हा खटला पाठ करतो, आणि सावकारांची वकील मंडळी तो विसरत नाहीत.

मुलांच्या खेळात धाकट्या भावंडाला 'लिंबूटिंबू' म्हणून घेतात ना, अगदी तसे हे आहे. तो पळतो, चेंडू आला तर मारतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. १९३२ च्या भागीदारी कायद्यात हा लिंबूटिंबू जसाच्या तसा सापडतो. अज्ञान मुलाला पेढीत भागीदार करता येत नाही, मात्र सगळ्या भागीदारांच्या संमतीने त्याला नफ्याचा हिस्सा देता येतो. पेढी बुडाली तर त्याच्या हिश्शापलीकडे त्याच्या अंगाला झळ लागत नाही. सज्ञान झाला की मात्र सहा महिन्यांच्या आत जाहीर सांगायचे : राहतो की निघतो. काही न बोलता गप्प बसला, तर तो पूर्ण भागीदार धरला जातो, कर्जासकट. तरुण पोराला हे कोणी सांगत नाही.

दुबळेपण इथे ढाल म्हणून वापरले आहे, हे ध्यानात घ्यायला हवे. हिंदू अज्ञान मुलाची जमीन आई किंवा वडिलांनी जिल्हा न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकली, तर सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांत तो ती विक्री रद्द करून मागू शकतो. ज्याने जमीन घेतली, त्याच्या डोक्यावर ही तलवार टांगलेली असते. म्हणून जाणता खरेदीदार उताऱ्यावर अ.पा.क. दिसले की आधी न्यायालयाचा हुकूम दाखवा म्हणतो. तीन वर्षे उलटली की मात्र ही सवलत संपते.

ढालीची दुसरी बाजू आईच्या वाट्याला आली. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणजे बाप, आणि 'त्याच्यानंतर' आई, असे लिहिले आहे. लेखिका गीता हरिहरन यांनी आपल्या मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे बाँड घेण्यासाठी अर्ज केला आणि पालक म्हणून स्वतः सही केली. बाप हयात होता, आईबापांच्या संमतीनेच हे चालले होते. तरी बँकेने बापाची सही मागितली. म्हणजे अज्ञान मुलाबरोबर त्याची कमावती, शिकलेली आईही सहीपुरती अज्ञानच ठरली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी १९९९ मध्ये न्यायालयाने सांगितले, की 'नंतर' म्हणजे बाप मेल्यानंतर असे वाचू नका. बाप लक्ष घालत नसेल, हजर नसेल किंवा दोघांनी तसे ठरवले असेल, तर आईही पालक आहे. कायद्यातला शब्द आजही तोच आहे, फक्त वाचायचा निराळा.

यापेक्षाही मजेशीर अज्ञान देवळात बसलेला आहे. हिंदू देवतेची मूर्ती ही कायद्याने 'व्यक्ती' आहे, तिच्या नावाने जमीन असते, ती दावा लावू शकते. पण तिला स्वतः सही करता येत नाही, म्हणून तिला कायमची अज्ञान मानून तिचा कारभार शेबाइत, वहिवाटदार किंवा पंच पाहतात. महाराष्ट्रात देवस्थान इनामाच्या जमिनी याच तत्त्वावर उभ्या आहेत. मालक देव, पुजारी फक्त सांभाळणारा, आणि सांभाळणाऱ्याने परस्पर विकायचे नाही. ज्याच्यापुढे अख्खा गाव नवस बोलतो, तो कागदोपत्री लिंबूटिंबू! कायद्यातले अक्षमत्व हा कमीपणा नाही, हे पटवायला याहून चांगला दाखला मला माहीत नाही. अक्षम तर न्यायालयही असते. अधिकारक्षेत्राबाहेरचा दावा चालवणारे न्यायालय 'सक्षम' नसते, आणि त्याचा हुकूम कितीही विद्वान न्यायाधीशाने लिहिलेला असला तरी रद्दीत जातो.

माणसांच्या बोलण्यात असले काटेकोर काही नसते, आणि नसावेही. मराठीला दुबळेपणाच्या छटांची मोठी जाण आहे. काम करून येतो तो थकवा, प्रवासाने येतो तो शीण, तापातून उठल्यावर असतो तो अशक्तपणा. मनच उठत नसेल तर मरगळ. वाईट बातमी ऐकून हातपाय गळतात, घरातला कर्ता गेला की कंबर मोडते. दवाखान्यात मात्र यांतले काहीच चालत नाही. तिथे जाऊन आपण म्हणतो, 'डॉक्टर, विकनेस आलाय', आणि सलाईनची बाटली लागेपर्यंत आपले समाधान होत नाही.

हे सगळे शब्द येतात आणि जातात. अशक्तपणा 'येतो', मरगळ 'झटकता' येते. पण दुसरा एक ढीग आहे, त्यातले शब्द माणसाला चिकटतात : आंधळा, बहिरा, थोटा, वेडा. ते काय झाले आहे हे सांगत नाहीत, तो कोण आहे हे सांगतात. म्हणींनी तर त्यांचा फुकटचा माल करून ठेवला आहे. आंधळा मागतो एक डोळा, वासरात लंगडी गाय शहाणी, आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. म्हणी काढून टाका, असे मी म्हणणार नाही. त्या काढून कोणी टाकू शकत नाही. एवढेच, की या म्हणींतला आंधळा एक तर मागत असतो, नाही तर त्याचे दळलेले दुसरेच कोणी खात असते.

जुन्या धर्मशास्त्रात हा चिकटलेला शब्द थेट वाटणीवर जाऊन बसला. मनुस्मृतीत 'अनंश' म्हणजे ज्यांना अंश, वाटा मिळत नाही अशांची यादी आहे. त्यात क्लीब, पतित, जन्मांध, जन्मबधिर, उन्मत्त, जड आणि मूक आहेत. त्यांना उपाशी ठेवू नका, जन्मभर अन्नवस्त्र द्या, अशी सक्तीही लगेच केली आहे. तेव्हा हेतू क्रूर होता असे सरसकट म्हणता येणार नाही. पण पोटाला भाकरी वेगळी आणि वाटपत्रावर नाव वेगळे. महाभारतात धृतराष्ट्राला थोरला असूनही आंधळा म्हणून राज्य मिळाले नाही. ही कथा आपण कारस्थानाची म्हणून वाचतो, पण वारसाहक्काच्या वकिलाला त्यात आधी अनंशत्व दिसेल. आणि हा विषय पोथीतच राहिला असेही नाही. इंग्रजी अमदानीतल्या न्यायालयांनी हिंदू कायदा म्हणून हेच नियम लावले. १९२८ च्या कायद्याने रोग किंवा व्यंगामुळे वारसा नाकारण्यास बहुतांश ठिकाणी मनाई झाली, तरी जन्मतः वेडा किंवा जड असलेल्याला त्याने बाहेरच ठेवले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम २८ ने ते दारही उघडले. आता कुठल्याही रोगाने, दोषाने वा व्यंगाने वाटा बुडत नाही. गावाकडे वाटणीच्या वेळी 'त्याला काय कळतंय, त्याच्या नावावर कशाला' हे वाक्य अजून ऐकू येते, तेव्हा बोलणारा नकळत मनूच्या यादीतूनच बोलत असतो.

वेडाचा विषय जरा सावकाश घ्यायला हवा, कारण इथे कायदा लोकांपेक्षा आधी शहाणा झाला होता. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १२ पाहा. सदासर्वदा वेडा असतो असे त्यात गृहीतच धरलेले नाही. वेड्यांच्या इस्पितळातला रुग्ण अधूनमधून शुद्धीवर येत असेल, तर त्या काळात त्याने केलेला करार चालतो, असे उदाहरण तिथेच दिले आहे. आणि उलट, एरवी शहाणा असलेला माणूस तापात बरळत असेल किंवा कराराच्या अटी कळू नयेत इतका प्यायला असेल, तर त्या वेळेपुरती त्याची सही चालत नाही. म्हणजे प्रश्न 'हा वेडा आहे का' असा नाही. 'सही करताना याला कळत होते का' असा आहे. ज्या काळात आपले लोक 'अमक्याच्या घराण्यात वेड आहे' म्हणून सोयरीक मोडत होते, त्या काळातली ही गोष्ट.

पुढच्या कायद्यांनी मात्र शिक्का मारण्याचीच वाट धरली. १९१२ च्या कायद्याचे नावच 'ल्युनसी ॲक्ट'. ल्युनॅटिक म्हणजे चंद्राच्या कलांनुसार भ्रमिष्ट होणारा, आणि त्याची व्याख्या 'ईडियट किंवा अस्वस्थचित्त' अशी होती. ईडियट, इंबेसाइल, मोरॉन या शिव्या एके काळी डॉक्टरांच्या तक्त्यांत वर्गवारी म्हणून वापरल्या जात. त्यांतला मोरॉन तर १९१० च्या सुमारास हेन्री गोडार्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने मुद्दाम घडवला, नवा आणि निर्मळ शब्द म्हणून. तो शिवी व्हायला फार वर्षे लागली नाहीत. आपल्याकडे 'मतिमंद' हा शब्दही शाळांच्या पाट्यांवर असाच चांगल्या हेतूने चढला, आणि मधल्या सुट्टीत पोरांनी तो एकमेकांना बहाल केला.

वेड्यांच्या इस्पितळाचे मनोरुग्णालय झाले. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली सरकारी मनोरुग्णालये लोकांना ठाऊक आहेत. पण इथे भाषेने सरकारला छान चकवले. पुण्यातला माणूस 'वेड्याच्या इस्पितळात जा' म्हणत नाही, 'येरवड्याला पाठवा याला' म्हणतो. मुंबईकडे ठाणे, कोकणात रत्नागिरी. इस्पितळाचे नाव बदलता आले, गावाचे नाव कसे बदलणार? ठाणेकर आणि रत्नागिरीकर हे निमूट सोसत आले आहेत.

१९८७ च्या कायद्याने ल्युनॅटिक जाऊन 'मानसिक रुग्ण' आला. खरा बदल २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने केला, आणि तो शब्दांच्या पलीकडचा आहे. मानसिक आजार असलेल्या माणसालाही स्वतःच्या उपचाराचा निर्णय घेता येतो, असे हा कायदा गृहीत धरून चालतो. दिलेली माहिती समजणे, निर्णयाचा परिणाम उमगणे किंवा बोलून, हावभावाने, खुणेने निर्णय कळवणे, यावर क्षमता पाहायची. त्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून तो अक्षम ठरत नाही. (ही कसोटी शहाण्या म्हणवणाऱ्यांना लावली, तर कितीजण वाचतील?) मला सर्वांत मोलाचे वाटते ते त्यातले एक लहानसे पोटकलम : एखाद्याला मानसिक आजार आहे असे निदान झाले, म्हणून तो कायद्याच्या दृष्टीने अस्वस्थचित्त ठरत नाही, ते सक्षम न्यायालयाने ठरवायचे. डॉक्टरची चिठ्ठी आणि सहीचा अधिकार या दोन गोष्टी इथे एकदाच्या वेगळ्या केल्या. राज्यघटनेतही हेच आहे. मराठी अनुवादातला शब्द 'मनोविकल'. पण केवळ मनोविकल आहे म्हणून कोणाची खासदारकी जात नाही, सक्षम न्यायालयाने तसे घोषित केलेले असावे लागते.

फौजदारी कायद्यात याचा उलटा पडसाद उमटला. भारतीय न्याय संहितेच्या २०२३ च्या पहिल्या मसुद्यात जुना 'अस्वस्थचित्त' हा शब्दप्रयोग काढून 'मानसिक आजार' घातला होता. ऐकायला किती पुढारलेले! पण मानसिक आजाराच्या व्याख्येत साध्या उदासीनतेपासून नशेच्या व्यसनापर्यंत बरेच काही बसते. खुनाच्या आरोपातून सुटायला एवढा रुंद दरवाजा ठेवायचा का, असा प्रश्न संसदीय समितीपुढे आला आणि अंतिम संहितेत जुना शब्दच परतला. तो योग्यच परतला, असे मला वाटते. नवा शब्द घेताना तो कुठले काम करणार आहे, हे पाहिलेच नव्हते.

शब्द बदलून खरेच काही साधते, तेही सांगायला हवे. 'मूकबधिर' जाऊन 'कर्णबधिर' आला, तेव्हा एक चूक दुरुस्त झाली. ऐकू न येणारे बहुतेक लोक मुके नसतात, त्यांचा आवाज ठणठणीत असतो. ते बोलायला शिकत नाहीत, कारण त्यांना ऐकू येत नाही. 'महारोग' जाऊन 'कुष्ठरोग' आला, तोही रोगाभोवतीचा भयगंड उतरवणारा होता. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याला सुरू केलेल्या संस्थेचे नाव मात्र आजही महारोगी सेवा समिती आहे, आणि आनंदवनाच्या कामाने त्या नावाला जी उंची दिली, ती कुठल्याही सौम्य शब्दाने दिली नसती. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी काढलेल्या संस्थेचे नाव अनाथ बालिकाश्रम होते. तीच आज महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था आहे. आधीच्या नावात काय नाही ते होते, नंतरच्या नावात काय चालते ते आहे. मुंबईत १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी सुरू केलेली स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया आता 'अडॅप्ट' म्हणून ओळखली जाते, तिचाही प्रवास असाच.

'दिव्यांग'चे काय? पंतप्रधानांनी २०१५ च्या डिसेंबरमध्ये 'मन की बात'मधून हा शब्द सुचवला, पुढच्याच वर्षी केंद्राच्या अपंगांसाठीच्या विभागाच्या हिंदी नावात तो आला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागच काढला. अपंग, विकलांग हे शब्द सरकारी पाट्यांवरून उतरले. अनेकांना नवा शब्द आवडला. अपंग चळवळीतल्या अनेकांनी त्याला पहिल्यापासून विरोध केला : आम्हाला दैवी अवयव नकोत, जिन्याशेजारी रॅम्प हवा. अपंगांच्या हक्कांवरील संयुक्त राष्ट्रांच्या समितीनेही २०१९ मध्ये भारताच्या अहवालावर मत देताना हा शब्द वादग्रस्त असल्याचे नोंदवले. मला विचाराल तर 'दिव्य' म्हणणे आणि 'बिचारा' म्हणणे यांत अंतर थोडे आहे. दोन्हींत माणूस आपल्या रांगेतून बाहेर काढलेला असतो. दाखल्याच्या खिडकीवर तरी शब्दाने काही अडत नाही. तिथे टक्के लागतात, निदान चाळीस. अपंगांसाठीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले. ॲसिड हल्ल्यातल्या जखमी, थॅलेसेमियाचे रुग्ण त्यामुळे आत आले. सरकारी नोकऱ्यांतला राखीव वाटा तीनवरून चार टक्के झाला. हे शब्दापेक्षा मोठे आहे.

पैशाच्या दुबळेपणाची कथा अगदीच निराळी, कारण तिथे माणूस शब्दाच्या मागे धावतो. 'नादार' या फारसी शब्दाचा अर्थ ज्याच्यापाशी काही नाही तो. जुन्या पिढीला शाळेतली 'नादारी' आठवत असेल, म्हणजे फी माफी. ती मिळाली की आई देवापुढे साखर ठेवी. तोच नादार कोर्टात गेला की कर्जबुडव्या ठरतो, आणि २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता बड्या कंपन्यांना लागते. 'दुर्बल' हा शब्द तर याहून फिरला. राज्यघटनेच्या ४६ व्या अनुच्छेदात दुर्बल घटक म्हणताना त्यातही विशेषकरून अनुसूचित जाती-जमाती, असे म्हटले आहे. २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने 'आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक' आणले आणि आधीच आरक्षण असलेल्यांना त्यातून वगळले. म्हणजे एके काळी ज्यांच्यासाठी तो शब्द होता, तेच त्या नावाच्या नव्या दहा टक्क्यांच्या बाहेर. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी ही दुरुस्ती टिकवली. विरोधी मत देणाऱ्यांत सरन्यायाधीश उदय लळित होते, आणि त्यांच्या गटाचा आक्षेप नेमका या वगळण्यावर होता. आठ लाखांच्या आत उत्पन्न दाखवणारा दुर्बलतेचा दाखला काढायला तहसील कचेरीत आज जी रांग असते, तीत कोणीही स्वतःला बिचारा समजत नाही.

आता पुन्हा सहीकडे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार अपंग माणसाला इतरांच्या बरोबरीने मालमत्ता बाळगण्याचा, स्वतःचे पैसे स्वतः हाताळण्याचा आणि बँकेचे कर्ज घेण्याचा हक्क आहे. ज्याला मदत लागते त्याच्यासाठी कलम १४ मध्ये मर्यादित पालक आहे. ठरावीक निर्णयापुरता, ठरावीक मुदतीपुरता, आणि तोही दोघांनी मिळून ठरवायचे या पद्धतीने. सातबाऱ्यावरच्या पालनकर्त्यापेक्षा हा पालक वेगळा आहे. तो सही हिसकावत नाही, सही करायला हात देतो.

कागदावर हे असे असताना काउंटरवर काय होते? दृष्टिहीन पदवीधर शिक्षक पगाराचे खाते उघडायला जातो. त्याला सही करता येते, रोज हजेरीपटावर करतो. खिडकीमागचा माणूस शाईचा पॅड पुढे सरकवतो : निशाणी डावा अंगठा. चेकबुक मिळणार नाही, एटीएम कार्ड मिळणार नाही, हवेच असेल तर डोळस माणसाबरोबर संयुक्त खाते काढा. हा नियम कुठल्याही कायद्यात नाही. करार कायद्याच्या अपात्रतेत वय आहे, अस्वस्थ चित्त आहे, डोळे नाहीत. 'आंधळा' हा रोजच्या बोलण्यातला शब्द कोणी न सांगता सहीच्या दप्तरात येऊन बसलेला असतो, एवढेच. अपंगांसाठीच्या मुख्य आयुक्तांनी २००५ मध्ये दृष्टिहीन व्यक्ती करार करण्यास पूर्ण पात्र आहे असा आदेश दिला. त्याच्या आधारे रिझर्व्ह बँकेने ४ जून २००८ रोजी सर्व बँकांना परिपत्रक काढून कळवले, की चेकबुक, दुसऱ्याच्या नावे धनादेश, एटीएम, नेट बँकिंग, लॉकर, कर्ज, क्रेडिट कार्ड या सुविधा दृष्टिहीन ग्राहकांना भेदभाव न करता द्याव्यात. तुमच्या घरात, शेजारी किंवा कचेरीत कोणाला अशी अडवणूक होत असेल, तर शब्दांवर वाद घालत बसू नका. या परिपत्रकाची प्रत घेऊन शाखेत जा, आणि नकार द्यायचाच असेल तर तो लेखी द्या, असे सांगा.